हातमोजे योजना

वीज माणसासारखीच असते. घरी जायला सरळ वाट मिळाली नाही, तर ती शेजाऱ्याच्या अंगणातून जाते.

छोट्या विमानाचं इंजिन रबराच्या गाद्यांवर बसवतात (हादऱ्यांनी वैमानिकाची कवळी निसटू नये म्हणून). रबरातून वीज जात नाही, म्हणून इंजिनापासून सांगाड्यापर्यंत तांब्याची विणलेली पट्टी लावतात. दोन टोकांना दोन बोल्ट, की झाली अर्थिंग.

फ्लाइंग क्लबच्या दोन आसनी विमानाला नवा रंग दिला, तेव्हा रंगाऱ्याने कसूर ठेवली नाही. पट्टी काढून तिच्याखालीही रंगाचे तीन हात मारले आणि मग ती घट्ट बसवली. रंगातूनही वीज जात नाही. पण दिसायला झकास. तेव्हापासून स्टार्टर मारला की बिचारी वीज इंजिनाचा वेग कमीजास्त करणाऱ्या थ्रॉटलच्या तारेतून परतू लागली आणि थ्रॉटलचा दांडा हाताला चटके देऊ लागला.

क्लबच्या मेकॅनिकला सगळे मावशी म्हणत. त्या थेट अध्यक्षांकडे गेल्या.

"साहेब, इंजिनाला अर्थिंग मिळत नाहीये."

"मावशी, विमान आकाशात उडतं. तिथे कसली आलीय अर्थिंग?"

"जमिनीचा संबंध नाही, साहेब. विजेला बॅटरीकडे परतायला वाट हवी. नाहीतर थ्रॉटलची तार जळून चिकटेल, आणि हवेत दांडा हलायचाच नाही."

"फॉर्म काय म्हणतो?"

फॉर्म म्हणत होता: पट्टी आहे का? आहे. घट्ट आहे का? आहे. तिच्यातून वीज जाते का, असा रकानाच नव्हता.

तरीही समिती निष्ठुर नव्हती. तीन बैठका घेऊन तिने वैमानिकांना जाड हातमोजे मंजूर केले (उजव्या हाताचेच, डावा हात तक्रारदार नव्हता). तक्रारी शंभर टक्के घटल्या. एकूण तक्रारदार दोन. त्यातल्या एकाने क्लब सोडला होता.

सोमवारी मावशींच्या लेकीचं पहिलं एकटीचं उड्डाण होतं. इंजिन सुरू करून ती थांबली.

"आई, दांडा जड लागतोय गं."

मावशींनी हात आडवा केला. "बंद कर. खाली उतर आधी."

त्यांनी बॅटरी सोडवली, बोल्ट उघडले आणि पॉलिश पेपरने धातू लख्ख होईस्तोवर रंग खरवडला. थ्रॉटलची तार काळी पडली होती, ती बदलली. दुपारी लेकीने हातमोजा काढून दांडा धरला.

"गार आहे!"

ती उडाली, तीन फेऱ्या मारून अलगद उतरली. चाकं टेकेपर्यंत मावशींनी श्वास घेतला असेल, तर त्यांना आठवत नाही.

संध्याकाळी मावशींना मेमो आला: नव्या रंगाची विनापरवाना हानी. सोबत वार्षिक अहवाल: हातमोजे योजना यशस्वी, कोणाचाही हात भाजला नाही.

तुम्ही हसताय? खुशाल हसा. फक्त हात लावला की झिणझिण्या येतात म्हणून तुमच्या फ्रिजसमोर जी खास चप्पल ठेवलेली असते, तिचा ठराव कोणत्या बैठकीत झाला, तेवढं आठवून बघा.