चंद्रीच्या कार्डावरचं बारसं

बारसं तोंडावर आलं आणि अण्णासोंच्या टॅबनं मान टाकली. बटण दाबलं की कंपनीचं नाव झळकायचं, गोल चक्र फिरायला लागायचं आणि फिरतच राहायचं.

बारसं नातीचं, आणि तेही बंगळुरात. मुलगा ऋतुराज तिथं नोकरीला. घरची चंद्री म्हैस अण्णासोंच्या बायकोशिवाय, शेवंताबाईंशिवाय, कुणाला कासेला हात लावू देत नव्हती, त्यामुळे बाईंना जाता येत नव्हतं. अण्णासो एकटे गेले असते, तर परत आल्यावर घरात कुणी घेतलं नसतं. म्हणजे नात बघायची ती टॅबवरच. एरवी ऋतुराजला फोन लावला की ‘मीटिंगमध्ये आहे, नंतर करतो’ एवढंच ऐकू यायचं, आणि ते ‘नंतर’ महिना महिना उगवायचं नाही.

दुकानदारानं टॅब उलटासुलटा करून ‘नवीन घ्या’ म्हणून निकाल दिला. समोरच्या घरातला बुद्धभूषण कॉलेजात कॉम्प्युटर शिकवायचा. त्यानं मात्र टॅब मांडीवर घेतला.

“अण्णा, दार शाबूत हाय, आतलं घर पडलंय. चालू होताना टॅब आधी बूट इमेज नावाची फाईल वाचतोय. घर कुठं हाय त्ये तिच्यात लिवल्यालं असतंय. त्यो पत्ता बदलू आणि घर बाहेर मेमरी कार्डावर बांधू.”

“म्हंजे टॅब भाड्याच्या घरात ऱ्हाणार?”

“ऱ्हाईल की! फकस्त कार्ड पायजे. त्यातलं सगळं पुसून जाणार बरं का.”

“कार्डाला काय तोटा?” म्हणत अण्णासोंनी खुंटीवरच्या छोट्या स्पीकरमधलं कार्ड उपसून दिलं. तो स्पीकर चंद्रीचा होता, हे त्यांच्या ध्यानात यायला हवं होतं. पण नातीच्या नादात असलेल्या माणसाला म्हैस दिसत नाही.

बुद्धभूषणनं पत्ता बदलला. टॅब रुसला. पुन्हा बदलला. टॅब आणखी रुसला. शेवटी एकदाचा पत्ता जुळला आणि पडदा लख्ख उजळला. अण्णासोंनी बुद्धभूषणला मिठी मारली, पेढा भरवला आणि वर त्याच्या आईवडिलांचेही आभार मानले.

त्याच संध्याकाळी गंगावेशीच्या दूधकट्ट्यावर, जिथं गिऱ्हाइकांसमोरच म्हशी पिळतात, चंद्री दगडासारखी उभी राहिली. तिला गाणी ऐकल्याशिवाय पान्हा फुटत नसे, आणि स्पीकर मुका होता. धारोष्ण दूध प्यायला आलेले पैलवान रिकामे पेले घेऊन परत गेले. दुसऱ्या दिवशीही तेच. कुणी पेंडीला दोष दिला, कुणी दृष्टीला. शेवंताबाईंनी मिरच्या ओवाळल्या. अण्णासोंना कारण आता पक्कं कळलं होतं, पण बारसं होईपर्यंत मिरच्यांवर भार टाकणं त्यांना सोयीचं वाटलं.

बारशाच्या संध्याकाळी नवी टोपी घालून त्यांनी टॅबचं बटण दाबलं. गोल चक्र! कडेला बघतात तर कार्डाची खाच रिकामी. टॅब काखेत मारून ते कट्ट्याकडे पळत सुटले.

“अगं, कार्ड कुठाय?”

“ह्ये काय, चंद्रीच्या स्पीकरात. तुमच्या त्या फळीत घुसून बसलंतं, मीच काढलो,” शेवंताबाई म्हणाल्या. “पर गाणंच लागंना झालंय.”

“त्यात आता गाणी न्हाईत. त्यात टॅब ऱ्हातोय!”

“आणि गाणी?”

“पुसली,” अण्णासो टोपीला म्हणाले. टोपी तोवर हातात आली होती.

गुंडू पैलवानानं रिकामा पेला मांडीवर आपटला. “म्हंजे आमी दोन दिस कोरडं ऱ्हायलो त्ये तुमच्यापायी व्हय?”

“पैलवान, आधी नात बघू द्या. मग काय तो डाव टाका.”

कार्ड टॅबात गेलं. चक्र फिरू लागलं. पैलवान, गवळी, दूध प्यायला थांबलेला एक परगावचा पावणा, सगळ्यांनी डोकी जुळवली. पावणा तर डोळे मिटून हात जोडून उभा होता. पडदा उजळला आणि ऋतुराजचं तोंड दिसलं.

“अण्णा, कुठं होता? नाव ठेवायचं थांबलंय तुमच्यासाठी!”

मागं सून अक्षता पाळणा म्हणत होती. ऋतुराज कॅमेरा बायकोच्या बहिणीकडं देऊन अक्षताच्या सुरात सूर मिसळायला गेला, आणि सूर सोडून बाकी सगळं मिसळलं. तेवढ्यात इकडं चंद्रीनं कान टवकारले.

“अवो! पान्हा सोडला!” शेवंताबाई ओरडल्या. धारा चरवीत वाजू लागल्या. दोन्ही हात कासेला, नजर पडद्यावर. नाव ठरलं निशिगंधा. पहिला पेला गुंडूनं पावण्याला दिला, दुसरा स्वतः रिचवला आणि मिशी पुसत म्हणाला, “गुणाची हाय पोरगी.”

अण्णासोंनी हात जोडले. नेमके कुणाला, हे ठरेना. मग तिथं नसलेल्या बुद्धभूषणला, कार्डाला आणि चंद्रीला क्रमानं जोडले. चंद्रीनं शेपटी मारली, तीही त्यांनी प्रसाद म्हणून घेतली.

दुसऱ्या दिवशी सकाळीच बंगळुरूला फोन गेला.

“अण्णा, मीटिंगमध्ये आहे, नंतर...”

“म्हस अडलीया रं. पाळणा म्हण.”

तेव्हापासून ऋतुराज धारेच्या दोन्ही वेळा, मांडीवर निशिगंधाला घेऊन, पडद्यावर हजर असतो. बुद्धभूषणला त्याची दया आली.

“अण्णा, कशाला त्याला रोज तरास? पाळणा रेकॉर्ड करून नव्या कार्डात घालून देतो की.”

“रेकॉर्ड केल्यालं चंद्रीला चालत न्हाय,” अण्णासो गंभीरपणे म्हणाले.

इतकी वर्षं रेकॉर्डवरच दूध दिलेली चंद्री शांतपणे रवंथ करत होती. शेवंताबाईंनी कासेवरून मान वर केली नाही.

“अजिबात न्हाय,” त्या म्हणाल्या.