चिनाराखाली लागलेलं लग्न

फ्रान्समधल्या लोझेर जिल्ह्यातल्या आमच्या व्हालफ्लोर गावाचा मेयर मी तिसऱ्यांदा झालोय. इथे लग्नं मेयरच लावतो, त्यामुळे माझ्या मुलीचं लग्न मीच लावणार, आणि असं लावणार की सगळं खोरं बघत राहील, हे मी केव्हाच जाहीर करून टाकलं होतं!

अडचण एकच. लग्न लावायचं मेयरकचेरीत, कचेरी वरच्या मजल्यावर, आणि नवरदेवाच्या आजींचे गुडघे पार गेलेले.

"बाबा, आजींना खुर्चीत बसवून वर नेऊ," मागाली म्हणाली. "भलते उद्योग नकोत."

"अगं, ओढ्याकाठच्या चिनाराखाली लावू! काय सावली आहे!"

"पण कायद्याने कचेरीतच..."

"या गावात कायदा कोण? तुझा बाप!"

झालं! एरवी जिथे आमची म्हातारी मंडळी लोखंडी गोळे फेकायचा खेळ खेळत भांडतात, तिथे खुर्च्या मांडल्या. मी मेयरचा तिरंगी पट्टा छातीवर चढवला. दोघांनी "हो" म्हटलं, सह्या झाल्या, टाळ्या पडल्या, आजींनी डोळेसुद्धा पुसले.

एवढ्यात ओढ्यावरचा लाकडी पूल करकरला. पलीकडच्या गावच्या मेयर कास्तान्येबाई येत होत्या. त्यांच्याही छातीवर तिरंगी पट्टा! मला वाटलं, बाई आशीर्वाद द्यायला आल्या.

"काय हो मेयरसाहेब, माझ्या गावात लग्नं लावायला तुम्हाला कुणी सांगितलं?"

"तुमचं गाव ओढ्यापलीकडे, बाई!"

"अस्सं? आणि या चिनाराच्या फांद्या छाटायची वेळ आली तेव्हा? 'पुरात ओढा सरकला, हद्द नाही सरकली, झाड यांचंच!' असं प्रांतसाहेबांपुढे छाती ठोकून कोण म्हणालं? जिंकलात ना? तेव्हापासून इथली पानं मी झाडतेय!"

अक्षरन् अक्षर खरं होतं. छाटणीची कटकट नको म्हणून ते झाड मीच बाईंच्या गळ्यात मारलं होतं, आणि जिंकल्याच्या आनंदात साफ विसरलो होतो! हद्दीबाहेर माझा पट्टा म्हणजे नुसती चिंधी.

"म्हणजे आमचं लग्न लागलंच नाही?" नवरदेवाचा चेहरा उतरला.

"मग तुम्हीच लावा ना, बाई," मी गयावया केली.

"यांच्या लग्नाची नोटीस तुमच्या कचेरीच्या दारावर लागलीय, माझ्या नाही. चला तुमच्या कचेरीत!"

मागालीने माझ्याकडे बघितलं. ओरडली असती तर बरं झालं असतं. हळूच म्हणाली, "बाबा, पट्टा काढा. लग्न उपमेयर लावतील."

एकुलत्या एका लेकीचं लग्न, आणि तिला मी नको होतो! सगळ्या पाहुण्यांसमोर मी पट्टा काढून दिला. जमीन दुभंगली असती तर उडी मारली असती, पण तीसुद्धा कास्तान्येबाईंची!

वरात उलटी फिरली. आजींची खुर्ची एका बाजूने मी उचलली, दुसऱ्या बाजूने, माझ्यासोबत कुणी हात लावेना म्हणून, कास्तान्येबाईंनी. अर्ध्या जिन्यात आजींनी मला काठीने टोचलं.

"काय हो, हा जिना तरी तुमच्याच हद्दीत आहे ना?"

मी "हो" म्हणालो. पण आधी कास्तान्येबाईंकडे बघून घेतलं.