झुंबरबाईंच्या म्हशीचा देखणा तपास

गुन्हा घडू नये ही आदर्श समाजाची खूण असली, तरी घडलाच तर तो नीट दिसावा ही सुसंस्कृत समाजाची खूण आहे. आपल्याकडे गुन्ह्यांना तोटा कधीच नव्हता; तोटा होता तो प्रकाशयोजनेचा. ती उणीव अलीकडच्या गुन्हेमालिकांनी भरून काढली, आणि या कार्यात आमच्या वाडीचाही खारीचा वाटा आहे, हे नम्रपणे नमूद करतो.

आमची वाडी कामशेतच्या आत, वडिवळे धरणाच्या अंगाला आहे. (नाव सांगता येत नाही, मालिकावाल्यांशी तसा करार आहे. मालिकेत वाडीला 'मृतवाडी' म्हटलं आहे, आणि ग्रामसभेने ते टाळ्यांच्या गजरात मंजूर केलं.) गेल्या वर्षी मुंबईहून सत्यम नावाचे दिग्दर्शक आले आणि म्हणाले, मला सगळं अस्सल हवं. मातीचा वास हवा. आम्ही म्हणालो, वास भरपूर आहे, या.

अस्सल म्हणजे काय ते आम्हाला त्या चित्रीकरणात कळलं. श्रावणात लोणावळ्याच्या बाजूने उतरणारं धुकं आमच्या ओसरीत येऊन बसतं, फक्त चहा मागत नाही एवढंच. पण ते कॅमेऱ्यात खोटं दिसतं, असा अहवाल आला. शिवाय ते कुणाचं ऐकत नाही. थांब म्हटलं की जातं. म्हणून मुंबईहून धुराचं यंत्र आलं. खरं धुकं सकाळभर बाहेर ताटकळलं, आणि ते विरल्यावर खोटं सोडण्यात आलं.

मग चौकी. आमच्या चौकीत ट्यूबलाइट आहे, प्लास्टिकच्या खुर्च्या आहेत, पतसंस्थेचं कॅलेंडर आहे, आणि आवारात अपघातातल्या मोटारसायकलींवर कोंबड्या बसतात. सत्यम सरांनी आत एक नजर टाकली आणि म्हणाले, "ही पोलीस चौकी वाटत नाही." हवालदार बजरंग खांडभोर तिथंच बसले होते. क्षणभर त्यांनाही शंका आली.

बजरंगभाऊंनी हवालदाराच्या भूमिकेसाठी चाचणी दिली होती. ती भूमिका अंधेरीच्या एका तरुणाला मिळाली, कारण त्याचे डोळे सहा महिने झोप न झाल्यासारखे होते. भाऊ रोज दुपारी व्यवस्थित झोपतात, ते चेहऱ्यावर दिसतं. त्यांना गर्दीतल्या दूधवाल्याचं काम देण्यात आलं. मी स्वतः तिसऱ्या भागात प्रेत होतो. अजिबात हालचाल न केल्याबद्दल माझं सर्वांसमक्ष कौतुक झालं. (हा गुण घरी आधीपासूनच आहे, असं माझी पत्नी अनिता म्हणाली. कलावंताला घरात किंमत नसते.)

चित्रीकरण संपल्यावर प्लायवूडची चौकी ग्रामपंचायतीला भेट म्हणून राहिली. खऱ्या चौकीचं छप्पर गळतच होतं, तेव्हा सर्वानुमते कारभार खोट्या चौकीत हलवण्यात आला. तिथं वायरला लोंबणारा एकच पिवळा दिवा आहे, खिडकीत रंगवलेला डोंगर आहे, आणि भिंतीवर एक मोठा फळा आहे, ज्यावर फोटो टाचून ते लाल दोऱ्याने एकमेकांना जोडायचे असतात. दोऱ्याचं अख्खं रीळ मालिकावाले मागे ठेवून गेले. एवढा दोरा हाताशी असल्यावर गुन्हा घडायला उशीर लागत नाही.

जुनी तपासपद्धत सांगायला लाज वाटते, पण नोंद असावी म्हणून सांगतो. काही हरवलं की बजरंगभाऊ पायात चपला सरकवून निघायचे, भेटेल त्याला विचारायचे, आणि सांजच्याला वस्तू घरी यायची. चोर आपल्यातलाच निघाला तर चार शिव्या हासडून त्याला चहा पाजायचे. ना संगीत, ना संशय. अशाने वाडीचं नाव कसं व्हायचं? मालिका पाहून झाल्यावर घेतलेल्या पाहणीनुसार (पाहणी मी घेतली, पारावर बसून) शंभरातल्या नव्वद लोकांना ही पद्धत बघवत नाही, आणि उरलेल्या दहांना प्रश्न ऐकू आला नाही.

अशा भारलेल्या वातावरणात यंदाच्या पावसाळ्यात झुंबरबाईंची म्हैस नाहीशी झाली.

झुंबरबाई वाडीच्या टोकाला राहतात. घरात त्या, म्हैस आणि म्हशीचं नुकतंच झालेलं रेडकू, एवढीच माणसं. म्हैस चरायला गेली ती परत आली नाही, आणि रेडकू उपाशीपोटी दावणीला ओरडत राहिलं. झुंबरबाई तशाच ओल्या लुगड्यानं चौकीत आल्या.

बजरंगभाऊंनी दार लावून घेतलं, दिवा तेवढा ठेवला (बाहेर लख्ख दुपार होती), आणि त्यांच्याकडे पाठ करून खिडकीतल्या डोंगराकडे बघत उभे राहिले.

"शेवटचं कधी पाहिलंत तिला?" एरवी 'कुटं' आणि 'हितं' बोलणारे भाऊ आता अंधेरीसारखं बोलत होते.

"काल सकाळच्या धारंच्या वक्ताला. मग सोडली चरायला."

"कुणाशी वैर?"

"कुणाचं? माजं?"

"म्हशीचं."

झुंबरबाईंनी ओला पदर पिळला. मग म्हणाल्या, "बजरंगा, तुला बरं न्हाई का? हिकडं तोंड कर की. त्या चित्रात काय बगतुयास?"

"मावशी, प्रत्येकाला एक भूतकाळ असतो."

"तिचा भूतकाळ मला म्हाईत हाय. चाकणच्या बाजारात घेतली व्हती. उठ आन् चल."

पण उठून चालण्याचे दिवस गेले होते. आधी फळा भरायचा होता. म्हशीचा फोटो कुणाकडेच नव्हता, म्हणून पवन नावाच्या आमच्या तरुण मंडळाच्या अध्यक्षाने मोबाइलवर शोधून एका प्रदर्शनात पहिली आलेली हरियाणाची म्हैस छापून आणली. झुंबरबाई म्हणाल्या, ही माझी नव्हं. पण ही जास्त उठून दिसते, असं ठरलं. घटनास्थळी खडूने आकृती काढायची असते. म्हैस उपलब्ध नसल्याने, आणि पूर्वानुभव असल्याने, मी आडवा झालो. शेपूट नंतर जोडण्यात आली.

दुसऱ्या दिवशी सकाळी अल्लाबक्ष चौकीशी थांबले. ते वाड्या-वस्त्यांवरून दूध गोळा करतात आणि टेम्पोतून लोणावळ्याच्या हॉटेलांना घालतात. गाडीतून न उतरताच ते म्हणाले, "बजरंगभाऊ, वड्याच्या पल्याड टेकाडावर एक म्हस हुबी हाय. पाण्याला लय वढ हाय, म्हून अडकली आसंल. झुंबरमावशीचीच वाटती. डोंगराच्या वळशानं दोन गडी गेलं तर आणत्याल."

साक्षीदार पहिल्याच भागात खरं बोलला, तर पुढचे सात भाग दाखवायचं काय, हा प्रश्न चौकीतल्या प्रत्येकाच्या चेहऱ्यावर होता.

"पण तुम्ही ओढ्याकडे बघत का होतात?" बजरंगभाऊंनी डोळे बारीक करून विचारलं.

"गाडी चालवताना म्होरं बगावंच लागतंय, भाऊ," अल्लाबक्ष म्हणाले आणि दूध नासेल म्हणून निघून गेले. त्यांचा जबाब 'प्रेक्षकाला पटणार नाही' असा शेरा मारून बाजूला ठेवण्यात आला.

झुंबरबाईंना मात्र तो कानावर येताच पटला. (त्या मालिका बघत नाहीत.) वळशाची वाट चिखलाची आणि लांबची, त्यांच्याच्याने एकटीने होणारी नव्हती. त्या दारोदार दोन गडी मागत फिरल्या. पण माणसं मोकळी होती कुठे? तरुण मंडळ ओला पाला जाळून धूर करण्याचा सराव करत होतं. बाकीच्यांची संथ चालण्याची तालीम होती, आणि मावळातल्या माणसाला, ज्याचा जन्म चढावर गेला, संथ चालायला शिकवणं सोपं नाही. माझी पाठ खडूच्या आकृतीपासून धरली होती.

दरम्यान संशयित निवडण्यात आला. यासाठी मालिकांचा नियम स्पष्ट आहे: ज्याच्यावर संशय येऊच शकत नाही, तोच. त्या कसोटीवर वाडीत एकच माणूस उतरला, कोंडाजी आबा. ऐंशी पार, गुडघे गेलेले, आयुष्यात कुणाच्या वेलाची काकडीसुद्धा न विचारता तोडली नाही. असा माणूस काहीतरी लपवत असणारच. (ज्यांनी विहिरींवरचे पंप खरोखर चोरले आहेत अशा दोघा जणांनी, आम्हाला कुणी विचारतच नाही, म्हणून नाराजी नोंदवली. त्यांची समजूत काढण्यात आली.)

"आबा, म्हैस नाहीशी झाली तेव्हा तुम्ही कुठे होता?"

"हितंच."

"इथं म्हणजे नक्की कुठे?"

"आरं, हितंच, वट्यावर. मी कुटं जातुय? माजं गुडगं तुला म्हाईत न्हाईत व्हय?"

या उत्तरातला थंडपणा सगळ्यांना जाणवला. आबांच्या फोटोला पहिला लाल दोरा लागला. तो हरियाणाच्या म्हशीला, तिथून ओढ्याला आणि ओढ्यापासून, दोरा उरला म्हणून, सोमाटण्याच्या टोलनाक्याला नेण्यात आला.

तपास अधिकाऱ्याला एकदा तरी दरीच्या काठावर उभं राहावं लागतं. बजरंगभाऊ पवनचा लांब रेनकोट घालून एसटीने लोणावळ्याला गेले, कड्यावर उभे राहिले, आणि लांब कुठेतरी बघत राहिले. पुण्याच्या पर्यटकांनी त्यांच्यासोबत सेल्फी काढल्या. कुणीतरी विचारलं, "कुठल्या सिरीजमधले?" भाऊ परत आले तेव्हा त्यांचा चेहरा उजळला होता. मला त्यांचा राग येत नाही. आपल्याच खुर्चीत बसलेल्या माणसाला, तू पोलीस वाटत नाहीस, असं तोंडावर सांगितल्यावर त्याने आणखी काय करावं?

झुंबरबाई रोज सकाळी ओढ्याच्या काठाशी जाऊन हाका मारायच्या. पलीकडून म्हशीचं उत्तर यायचं म्हणे. आम्ही ऐकायला गेलो नाही. पार्श्वसंगीताची तालीम चालू होती. रेडकाच्या बरगड्या दिसू लागल्या. अनिताने त्याला बाटलीने दुसऱ्या म्हशीचं दूध पाजून पाहिलं, त्याने थोडं घेतलं आणि तोंड फिरवलं. घरी येऊन तिने मला विचारलं, "उद्या तरी जाणार का पलीकडे?"

मी म्हणालो, "उद्या रहस्याचा उलगडा आहे."

त्या रात्री तिने मला जेवायला वाढलं नाही.

उलगड्याला अख्खी वाडी लोटली. कोंडाजी आबांना खुर्चीसकट उचलून आणलं. त्यांनी ठेवणीतला फेटा बांधला होता. पाला पेटला, धूर झाला, लहान मुलं खोकली. बजरंगभाऊ संथपणे वळले आणि म्हणाले, "म्हैस कुणीच नेलेली नाही, असं आपल्या सर्वांना वाटावं, हीच तर आबांची इच्छा होती."

टाळ्या पडणार, एवढ्यात म्हैस आली.

आदल्या दिवशी पाऊस उघडला होता, ओढा उतरला होता, आणि ती आपल्या पायांनी चालत आली. धुरातून आली हे खरं, पण आवश्यक त्या संथपणे नाही. कास ताठली होती, तिला घाई होती. सरळ वाटेत चौकी होती, म्हणून ती चौकीतून गेली. लाल दोरा शिंगात गुंतला, मागोमाग फळा गेला, प्लायवूडची भिंत डोंगरासकट आडवी झाली, आणि ती टोलनाका शिंगाला लटकवून झुंबरबाईंच्या गोठ्यात शिरली.

वाडीत सुतकी कळा पसरली. जमलेल्यांचा अभिप्राय पुढीलप्रमाणे होता: शेवट घाईघाईत गुंडाळला. पाणी उतरलं हे कारण फार सोयीचं आहे. आबांच्या पात्राला न्याय मिळाला नाही. म्हशीचा अभिनय सपाट वाटला. सगळ्यात जास्त आबांना लागलं. "म्या कबूल व्हणारच व्हतो," ते फेटा सोडत म्हणाले, "रातभर पाठ केलं व्हतं. आता कोन ऐकतंय?"

मार्ग काढण्यासाठी शिष्टमंडळ नेमण्यात आलं. बजरंगभाऊ, पवन आणि मी झुंबरबाईंकडे गेलो. विनंती साधी होती: म्हैस चार दिवस कुणाला दाखवू नये, तेवढ्यात आम्ही साजेसा शेवट बसवतो. झुंबरबाई गोठ्यात बसल्या होत्या. रेडकू आचळाला लागलं होतं, ढुशा मारत होतं, आणि बाईंचा हात त्याच्या पाठीवर होता. त्या रडत होत्या, ते आधी आमच्या लक्षात आलं नाही. गोठ्यात उजेड फारच साधा होता.

पवनने विनंती सांगितली. त्यांनी ती ऐकून घेतली, तिघांची तोंडं एकेक करून बघितली, आणि म्हणाल्या, "लेकरू मरत व्हतं माजं. दोन गडी मागत व्हते म्या, दोन. आता म्हस आली तर तुमी मढ्याला आल्यावानी तोंडं करून आलायसा. ती मेलेली हवी व्हती व्हय रं तुमास्नी?"

उत्तर तिघांनाही ठाऊक होतं, पण देण्यासारखं नव्हतं. बजरंगभाऊंनी रेनकोट काढून हातात घेतला. आम्ही घरी आलो, नेहमीच्या चालीने.

आता तुम्ही आम्हाला हसाल. हसा, वाडीची सवय आहे. फक्त एक सांगा, इथं कुणी बघत नाही, हवा तर दिवा मंद करतो. म्हैस आपल्या पायांनी घरी आली, रेडकू वाचलं, कुणी मेलं नाही, कुणी चोर निघालं नाही, हे वाचलंत तेव्हा तुमच्या मनात आधी काय आलं? 'बरं झालं' असं, की 'एवढंच?'