एका खिडकीसाठी एकेचाळीस कानशी

काम करण्यापेक्षा कामाचं हत्यार निवडणं महत्त्वाचं असतं, हे आता सर्वमान्य आहे. काम काय, कुणीही करतो. आमच्या लघुप्रतिकृती मंडळाने गेल्या नऊ वर्षांत निवडीच्या क्षेत्रात जे नाव कमावलंय, त्याला तोड नाही. (या काळात पूर्ण झालेल्या प्रतिकृती: एक. ती करणारा सभासद त्या दिवशी हत्यारांची पेटी घरी विसरला होता.)

ताजं उदाहरण मंडळाच्या अध्यक्षांचं, म्हणजे माझ्या सख्ख्या काकांचं. लग्नाच्या चाळिसाव्या वाढदिवसाला काकूंना त्यांच्या पहिल्या बिऱ्हाडाची प्रतिकृती द्यायचं त्यांनी कबूल केलं होतं. बुटाच्या खोक्यात मावेल एवढी खोली, आत स्टोव्ह, कपड्यांची दोरी, एका पायाने लंगडी खुर्चीसुद्धा. काकूंचं मागणं एकच.

"बाकी काही नसलं तरी चालेल. खिडकी तेवढी उघडली पाहिजे. अकरा वर्षं तिथे उभं राहून तुमची वाट बघितलीय मी."

खिडकीची पितळी झडप नखाएवढी होती आणि उघडतही होती, फक्त जरा अडकत होती. काठावर केसभर कुसळ राहिलं होतं. कानशीचे दोन हात मारले की झालं. पण कुठली कानस? अडाणी माणूस हाताला लागेल ती उचलतो. काकांनी उपसमिती नेमली आणि मला सचिव केलं.

सुईएवढ्या एकेचाळीस कानशी आल्या. चपट्या, गोल, अर्धगोल, तिकोनी, शिवाय एक अशी की तिचा आकार शेवटपर्यंत ठरला नाही (तिच्यासाठी वेगळी उपसमिती आहे). शेजारचे घड्याळजी म्हणाले, "अहो, कुठलीही चपटी घ्या नि दोनदा फिरवा की!" त्यांचं नाव निमंत्रितांच्या यादीतून वगळण्यात आलं.

चाचणी प्रत्यक्ष झडपेवरच घ्यायची, प्रत्येक कानशीचे तीन हात, असं एकमताने ठरलं. भलत्याच पत्र्यावर घासून बघणं म्हणजे शुद्ध फसवणूक. सातव्या कानशीला कुसळ गेलं. तशी नोंद आहे. पण तिथेच थांबलो असतो तर उरलेल्या चौतीस कानशींवर अन्याय झाला असता. तिसाव्या कानशीनंतर झडपेतून पलीकडचं दिसू लागलं. खोलीतल्या उजेडात लक्षणीय सुधारणा झाली. एकेचाळिसावी कानस मात्र अप्रतिम निघाली. तिला कुठेही, कसलाही अडथळा आला नाही.

रविवारी संध्याकाळी काकू नवी साडी नेसून आल्या. वाकून त्यांनी खिडकीत बोट घातलं. ते सरळ आत गेलं.

"कानस सापडली गं," काका म्हणाले. 

काकूंनी त्या भोकातून बोट बाहेर काढलं. "तेव्हाही असंच होतं. मी खिडकीशी, नि तुमची आपली तयारी चाललेली."

मला गलबलून आलं. तरी कर्तव्य म्हणून इतिवृत्तात लिहिलं: खिडकी पूर्णपणे उघडते.

आपण हसलात, आनंद आहे. मंडळाचं सभासदत्व सर्वांना खुलं आहे. अर्जाची गरज नाही. हे वाचायला घेण्याआधी आपण ज्या कामाला बसणार होता, त्याचं नाव कळवलंत तरी पुरे.