मानाचे सात काटे

माणसाची योग्यता त्याच्या डोळ्यांपुढे किती काटे आहेत यावरून ठरते, हे या यंत्रयुगात कोणीही शहाणा माणूस नाकारणार नाही. बैलगाडीत एकही काटा नसतो, म्हणून गाडीवानाला कोणी खुर्ची देत नाही. रेल्वेच्या इंजिनात काटे असतात, म्हणून त्याच्या ड्रायव्हरला स्टेशनमास्तर स्वतःहून चहा विचारतो. विमानात तर इतके असतात म्हणे, की चालवणारा माणूस जमिनीवर आल्यावरही लोकांशी बोलत नाही.

सावरटोल्याचे गुणवंतराव यांना हे तत्त्व जरा उशिरा, म्हणजे मालगुजारी गेल्यावर उमगलं. तोवर त्याची गरजच पडली नव्हती. पोळ्याच्या तोरणाखाली पहिली बैलजोडी त्यांची असे, आणि ती आल्याशिवाय गावातला एक बैल पुढे पाऊल टाकत नसे. एक्कावन्न साली सरकारने मालगुजाऱ्या, म्हणजे गावचा सारा गोळा करण्याचे पिढीजात हक्क, बंद केले. लोक त्यानंतरही गुणवंतरावांना रामराम करत, पण आधी हातातलं काम संपवून करत.

अशा वेळी नदीपलीकडच्या एका जमीनदाराची मोटार विकायला निघाली. लढाईच्या आधीची, विलायती, आणि सुपरचार्जरवाली. सुपरचार्जर म्हणजे इंजिनाच्या घशात जबरदस्तीने हवा कोंबणारा पंखा. (जास्त खाऊन जास्त धावणं, हा त्याचा सिद्धांत. आपल्याकडे या सिद्धांताचा पहिलाच भाग जास्त पाळला जातो.) जमीनदाराच्या सात मुलांत वाटणी झाली तेव्हा मोटार काही वाटता येईना, म्हणून त्यांनी तिचे सात मीटर वाटून घेतले आणि आपापल्या भिंतींवर टांगले. गुणवंतरावांच्या पदरात एक दणकट इंजिन आणि सात भोकं पडली.

मोटार घेण्यामागे एक घरगुती कारणही होतं. त्यांच्या पत्नी गुणाबाई यांचा एक डोळा मोतीबिंदूने गेला होता आणि दुसरा जाण्याच्या बेतात होता. होळीनंतर नागपूरचे डोळ्यांचे डॉक्टर ब्रह्मपुरीला शिबिराला येणार होते. याच खेपेला ऑपरेशन झालं तर डोळा वाचेल, नंतर आपला इलाज नाही, असं त्यांनी मागच्या वर्षीच सांगून ठेवलं होतं. पण सात भोकांची मोटार घेऊन मालगुजार ब्रह्मपुरीला गेला, असं कधी झालं नव्हतं.

म्हणून मीटर निवड समिती नेमण्यात आली. अध्यक्ष गुणवंतराव. सभासद दोन: भातगिरणीचे मालक भैयाजी, ज्यांना बॉयलरचा अनुभव होता, आणि पेन्शनीत निघालेले नायब तहसीलदार बापूजी, ज्यांना समित्यांचा होता. ड्रायव्हर दसरू याला सभासद करावं अशी एक सूचना आली होती. पण तो मोटार चालवत असल्यामुळे निःपक्षपाती राहू शकणार नाही, असं ठरलं.

नागपूरहून पेटीभर मीटर मागवले. निवडीचे निकष असे ठरले: घेर, चकाकी, आकड्यांचं वळण, आणि काचेवर टिचकी मारल्यावर येणारा आवाज. मीटर काय मोजतो, हा विषय पत्रिकेवर नसल्यामुळे निघाला नाही. मग मानपानाचा प्रश्न आला. मधलं मोठं भोक सुपरचार्जरच्या हवेला मिळालं. उजवीकडे वेग आणि तेल, डावीकडे पाण्याचा ताप आणि पेट्रोल, आणि कडेला इंजिनाचे फेरे व बॅटरी, जसे लग्नाच्या पंगतीत दूरचे पाहुणे बसतात तसे. या बैठकांत होळी होऊन गेली.

गाव जमवून चाचणी घेतली. इंजिन सुरू होताच सातही काटे उठले आणि गुणवंतरावांची छाती फुगली. पण दसरूने इंजिन बंद केलं, तशी सगळ्या काट्यांनी एकदम मान टाकली. मागे कोणीतरी हसलं.

"हे पडले काऊन?" गुणवंतरावांनी विचारलं.

"बंद केली ना मालक. बंद केली का पडतेतच ते."

"माह्या गाडीत काई पडणार नाई," गुणवंतराव म्हणाले. एक्कावन्न सालापासून पडण्याच्या बाबतीत ते हळवे झाले होते.

बापूजींनी तोड काढली. जंगलात लाख पिकते आणि गावात सोनार आहे, मग अडचण काय? सोनाराने काचा काढल्या, प्रत्येक काट्याखाली लाखेचा थेंब सोडला आणि समिती सांगेल तिथे काटा बसवला. पेट्रोल भरलेलं. पाणी गार. वेग साठ, कारण त्याहून कमी शोभणार नव्हता. हवेचा काटा तांबड्या पट्ट्यात, कारण तांबडा रंग शुभ. (एवढा दाब आपल्या बॉयलरलाही सोसवणार नाही, असं भैयाजी म्हणाले. ते मत्सराने बोलत आहेत, हे सगळ्यांनी ओळखलं.)

"मंग गाडी तापली तं मले कसं समजन?" दसरूने विचारलं.

"काटा पाहाचा," समितीने एकमताने सांगितलं.

शिबिराच्या शेवटच्या दिवशी सकाळी मोटार निघाली. पुढे दसरू आणि गुणवंतराव, मागे गुणाबाई. जंगलात शिरल्यावर पहिल्या नाल्यापाशी दसरू पाणी टाकायला थांबू पाहत होता. गुणवंतरावांनी काट्याकडे बोट दाखवलं. पाणी गार होतं.

थोड्या वेळाने मागून आवाज आला. "अवो, मले जळल्यावानी वास येऊन राह्यला जी."

गुणवंतरावांनी सातही काटे एकेक करून पाहिले. "काई जळत नाई. तुले दिसत नाई म्हणून तसं वाटते."

"वास नाकानं येते जी," गुणाबाई म्हणाल्या.

चढावर बॉनेटमधून वाफ उसळली, आत काहीतरी कडकडलं आणि इंजिन जाम झालं. मोटार ताशी साठ मैलांच्या वेगाने सागाच्या झाडाखाली उभी राहिली.

तेवढ्यात सुकलू नावाचा जंगलटोल्यातला माणूस बैलगाडीत मोहफुलं घालून ब्रह्मपुरीच्या बाजाराला चालला होता. त्याने बैल थांबवले. "बाईले बसवा मालक, दुपारच्या आत पोचवतो."

गुणवंतरावांनी एकदा बैलगाडीकडे पाहिलं, एकदा काट्यांकडे. त्यांचं गुणाबाईंवर प्रेम नव्हतं असं कोणी म्हणू नये. लग्न झाल्यापासून आपल्या ताटातलं मीठ त्यांनी गुणाबाईंशिवाय कोणाला वाढू दिलं नव्हतं. पण साठच्या वेगाने जाणारी मोटार सोडून मालगुजारीण मोहफुलांवर बसून बाजारात शिरणार, हे चित्र त्यांना पाहवेना.

"होईन चालू थोड्या वेळानं," ते म्हणाले. "पेट्रोल भरलं हाये."

"मी बसतो जी त्याच्या गाडीत," गुणाबाई म्हणाल्या. "मले कोणी पाह्यलं तं मले थोडंच दिसणार हाये."

"बस तिथीच."

सुकलू गेला. दसरूने नाल्याचं पाणी आणून ओतलं, हँडल मारून हाताला फोड आणले. उन्हं कलली. दूर ब्रह्मपुरीच्या बाजूला छोट्या रेल्वेगाडीची शिट्टी झाली, ती सगळ्यांआधी गुणाबाईंनी ऐकली. डॉक्टर त्याच गाडीने परत जाणार होते.

पुढे समितीने रीतसर चौकशी केली. घटनेच्या वेळी सातही काटे समाधानकारक असल्याचं तिने स्वतः पाहून नमूद केलं, आणि मोटारीत कोणताही दोष नव्हता असा निष्कर्ष काढला. तरीही खबरदारी म्हणून इंजिन नागपूरला नेऊन दुरुस्त केलं. नवे पिस्टन बसले, सुपरचार्जरचा पंखा घासून साफ झाला, पाण्याची टाकी नवी आली. पोळ्याला मोटार हार घालून तोरणाखाली उभी केली तेव्हा पंचक्रोशी लोटली होती. नंतर एका मंत्र्याच्या दौऱ्यासाठी ती मागून नेली गेली, आणि असे स्थिर काटे आपण कुठेच पाहिले नाहीत, असं खुद्द मंत्र्यांनी सांगितलं. जो तो विचारी, आता हवा किती घेते? वेग किती धरते? गुणवंतराव सगळ्यांना सविस्तर सांगत.

हे सगळं तुम्हीही आवडीने वाचलंत, म्हणून इतकं लिहिलं. डोळ्याचं काय झालं, हे तेव्हाही कोणी विचारलं नव्हतं.