दहा किलो उकडलेलं सोयाबीन

डॉक्टर मला एवढंच म्हणाले होते, की या वयात अंगाला प्रोटीन कमी पडतं, तेव्हा पोळीच्या पिठात थोडं सोयाबीन घालत जा. त्यातला 'थोडं' हा शब्द मी ऐकलाच नाही. (मी सातवी पास आहे, तोही मास्तरांची बदली झाली म्हणून. एका दमात एवढे शब्द मला झेपत नाहीत.)

घरी येऊन सांगितलं, तर आमच्या सरूबाईनं, म्हणजे सौभाग्यवतीनं, तिथंच मोडता घातला. सोयाबीन तेलाच्या कारखान्यात जातं, नाय तर कोंबड्यांच्या खाद्यात, माणसं खात नसतात, असं तिचं म्हणणं.

"मी खाणार," मी म्हणालो.

"मी माणसांचं बोलायले," ती म्हणाली.

झालं. औरंगपुऱ्यात चाळीस वर्षं कापडाच्या दुकानात काढलेला माणूस मी. 'नुसतं बघायला आलो' म्हणणाऱ्या बाईला दोन साड्या घेतल्याशिवाय पायरी उतरू दिली नाही. ही तर घरचीच होती. आता सोयाबीनची पोळी या घरात झाल्याशिवाय मी मागं हटणार नव्हतो.

सोयाबीन घरात होतंच. माझा धाकटा भाऊ मोतीराम करमाडला शेती करतो. हिवाळ्यात त्यानं दहा-दहा किलोच्या दोन पिशव्या आमच्याकडं आणून टाकल्या. 'टाकल्या' म्हटलेलं त्याला चालणार नाही, कारण त्यातली लाल सुतळीची पिशवी बियाण्याची होती. नवं वाण, मोठ्या मिनतवारीनं मिळवलेलं. त्याच्या घरात उंदरांचं राज्य, म्हणून मुक्काम आमच्याकडं. हिरव्या सुतळीची आम्हाला खायला. बियाण्याची पिशवी आपटायची नाही, तिच्यावर काही ठेवायचं नाही, ती फरशीवर नको, फळीवर हवी, ओल लागायला नको. सोयाबीनचं साल लई नाजूक, आदळलं की उगवत नाही म्हणे. आमच्या सुनेच्या दोन्ही बाळंतपणांत मिळून एवढ्या सूचना नव्हत्या.

मी हिरवी पिशवी सोडली. सोयाबीन कच्चं दळून चालत नाही. आधी उकडायचं, मग खडखडीत वाळवायचं, मग गव्हात मिसळून गिरणीत न्यायचं. मी अख्खं दहा किलो भिजत घातलं. भिजलं की फुगतं, हे मला माहीत होतं. कुठवर फुगतं, हे नव्हतं. सकाळी बघतो तर बादल्या, पातेली, पुरणाचं भगुणं, सुट्टीला येणाऱ्या नातीचा आंघोळीचा टब, सगळीकडून दाणे मुंडकी वर काढून माझ्याकडं बघत होते.

पहिला घाणा कुकरला लावला, गळ्यापर्यंत भरून. शिट्टी काही होईना. सोयाबीनला साबणासारखा फेस येतो आणि त्याची सालं सुटून शिट्टीच्या भोकात जाऊन बसतात, ही माहिती मला कुकरनं स्वतः दिली. आधी एक लांब सुस्कारा टाकला, मग कडेनं फेसाचं कारंजं सोडलं. ओटा गेला, खिडकी गेली, भिंतीवरच्या कॅलेंडरातला गुरुवार ते शनिवार गेला.

सरूबाई दारात येऊन उभी राहिली. तिनं छताकडं बघितलं, मग माझ्याकडं.

"झाली का पोळी?"

मी कुकर बाजूला ठेवला. (निश्चयी माणसं मागं हटत नाहीत.) उघड्या पातेल्यात उकडायला घेतलं. सबंध दिवस फेस काढत, सालं उपसत बसलो. मग गच्चीवर साडी ताणून तिच्या सावलीत चार दिवस वाळवलं. दाण्याला सुरकुती पडू दिली नाही, अशी माझी खात्री. शेवटी पिशवीत भरून, वर कडुनिंबाचा पाला घालून हिरवी सुतळी बांधली आणि छाती काढून उभा राहिलो.

तेव्हा सरूबाईनं विचारलं, किती गव्हाला किती घालायचं? नऊ किलो गव्हाला एक किलो, मी म्हणालो. मग दहा किलोला? मी बोटं मोजली. नव्वद किलो गहू निघाला. हे दोघांना किती दिवस पुरेल, हा हिशेब सातवीच्या पुढचा होता, म्हणून तो तिनंच केला आणि हसत आत गेली.

आता मला सांगा, एवढी फजिती झाल्यावर माणसानं दुसऱ्या कुणाची केल्याशिवाय बरं वाटेल का? माझा हात वळवळला. मी दोन्ही पिशव्यांच्या सुतळ्या बदलल्या. लाल हिरवीला, हिरवी लालला. बेत साधा होता. मोतीराम येणार, लाल सुतळीची पिशवी लेकरासारखी उचलणार, दारापर्यंत नेणार, आणि मी म्हणणार, "मोत्या, एक दाणा चावून बघ की." त्याचं तोंड बघायचं, हसायचं, पिशवी बदलून द्यायची.

पण मोतीराम आला, तेव्हा मी कटिंगला गेलो होतो. घरी आलो तर फळीवर एकटी हिरव्या सुतळीची पिशवी.

"भावजी बियाणं घेऊन गेले," सरूबाई म्हणाली. "पाऊस पडून वाफसा आलाय, आजच पेरणार म्हणे."

उकडलेलं सोयाबीन रानात. ते काय उगवणार? मोत्याची पेरणी गेली, हंगाम गेला, आणि भाऊही गेला. मी फोन लावला. "मोत्या, पेरू नको. ते उकडलेलं हाय."

"बरं, दादा," तो म्हणाला, पोट धरून हसला आणि फोन ठेवला. दुसऱ्यांदा उचललाच नाही.

त्याचंही चुकलं नाही. मागल्या वर्षी मी त्याला फोनवर आवाज बदलून, कृषी खात्याचा साहेब बोलतोय, ड्रोननं जनावरांचे फोटो काढायचेत, असं सांगितलं होतं. त्यानं बैलांची शिंगं घासून, सगळी जनावरं रांगेत उभी करून दिवसभर आभाळाकडं बघितलं होतं.

मी हिरव्या सुतळीची पिशवी खांद्यावर टाकली. सरूबाई मागून काहीतरी म्हणत होती, पण थांबायला वेळ कुणाला? मुकुंदवाडीला काळी-पिवळी जीप धरली. करमाडपर्यंत पिशवी मांडीवर घेऊन बसलो, आपटू नये म्हणून. पुढं रानातल्या चिखलात एक चप्पल दिली, पण पिशवी दिली नाही.

मोतीराम बांधावर बियाण्याला औषध चोळायच्या तयारीत बसला होता. शेजारी दोन पेरणीवाल्या बाया. मी त्याचा हात धरला.

"मोत्या, तुझ्या गळ्याशपथ. हे उकडलेलं हाय. खरं बी मी आणलंय, हे पेर."

"दादा, बी बघ की कसं टचटचीत हाय."

"मी वाळवलंच तसं."

बाया हसल्या. मोतीराम औषधाची बाटली उघडायला लागला. मग मी निर्वाणीचा उपाय केला. त्याच्या पिशवीतले चार दाणे उचलले. "हे बघ, फुटाण्यासारखं फुटतं का नाय," म्हणालो आणि कचकन चावलो.

कट्ट असा आवाज आला. मी खूश झालो. मग जिभेला दोन तुकडे लागले, ते दाण्याचे नव्हते. माझी वरची कवळी मधोमध मोडली होती. दाणे चारही शाबूत.

मोतीरामनं माझ्या पिशवीतला एक दाणा काढून चावला. तो भुगा होऊन त्याच्या तळहातावर आला.

"दादा," तो हळूच म्हणाला, "उकडलेलं तर तू घेऊन आला."

त्यानं तिथूनच वहिनीला फोन लावला, तोही स्पीकरवर. तिनं मला सुतळ्या बदलताना पाहिलं होतं आणि त्याच दिवशी परत होत्या तशा केल्या होत्या.

"मंग सांगायचं नाय का?" मी विचारलं. (कवळीशिवाय विचारलं, तरी तिला कळलं.)

"सांगतच होते. पण तुम्हाला एवढं घाबरलेलं चाळीस वर्षांत पाह्यलं नव्हतं. म्हणलं, जाऊन येऊ द्या."

मोतीरामचं बी आठवड्याभरात दाट उगवलं. मी दातांच्या डॉक्टरकडं गेलो. कवळी कशी मोडली, त्यानं विचारलं. मी आयुष्यात पहिल्यांदा, सुतळीपासून बांधापर्यंत, सगळं खरंखरं सांगितलं.

तो हसून म्हणाला, "आजोबा, चेष्टा पुरे. खरं काय झालं?"

"बायकोनं मारलं."

ते मात्र त्यानं लगेच लिहून घेतलं.