जोडपत्र ‘अ’ : छत

तारण नोंदणी कार्यालयाच्या गच्चीवरची पाण्याची टाकी गळू लागली, तेव्हा सर्वांत आधी दखल घेतली ती मुख्य लेखनिकांनी, म्हणजे नियमभाऊंनी. दखल घेणे हे त्यांचे आवडते काम. दुरुस्ती दुसऱ्याची.

कोणत्या दुकानदाराचा कोणता माल कोणाकडे गहाण आहे, याची नोंद हे कार्यालय ठेवी आणि त्याची फी घेई. ही फी फक्त ‘नोंदींच्या जतनासाठी’ खर्चावी, असा राज्य सरकारचा दंडक. टाकी ही नोंद नव्हे, म्हणून तिच्यावर छदामही खर्चता येईना. वर्षअखेर निधी शिल्लक राही. शिल्लक राहिला त्या अर्थी गरज नव्हती, असे समजून कोषागार तो उचलून नेई. गेल्या वर्षी त्यातून महामार्गावर स्वागतकमान उभी राहिली. नियमभाऊ उद्घाटनाला गेले होते. टाळ्याही वाजवून आले.

यंदा छताला भोक पडले आणि पाणी थेट कपाटांवर आले. नियमभाऊंच्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. त्यांनी टाकीच कोषागाराकडे गहाण पडल्याची नोंद केली आणि तिला छत जोडले: जोडपत्र ‘अ’. जोडपत्र म्हणजे नोंदच! खर्चाला मंजुरी आली. स्वतःवर खूश होऊन त्यांनी त्या दिवशी दोनदा चहा मागवला.

गवंडी घमेले घेऊन शिडीवर चढला.

“थांब!” नियमभाऊ ओरडले. “नोंदीत वा जोडपत्रात कसलीही भर घालू नये, असं परिपत्रक आहे.”

“कोणाचं?”

“माझंच,” नियमभाऊ म्हणाले.

“मग साहेब, भोक बुजवू की जतन करू?”

भोक जतन झाले. त्याला पितळी चौकट बसली, खाली पाटी लागली: ‘मूळ प्रत. हात लावू नये.’ पाणी आता एका धारेत, शिस्तीने पडू लागले.

त्याच आठवड्यात नियमभाऊंची थोरली बहीण धापा टाकत खिडकीशी आली. तिची पावाची बेकरी. जुनी भट्टी तडकून बंद पडलेली. नव्या भट्टीचे कर्ज मंजूर होते, पण जुने फेडल्याच्या नोंदीची नक्कल बँकेला आजच हवी होती, नाहीतर मंजुरी रद्द.

“बाळ्या, पटकन नक्कल दे रे.”

नियमभाऊंनी कपाट उघडले. हातात फाइल आली नाही, ओला गोळा आला.

“ताई, नवी नोंद करावी लागेल. पण कर्ज फेडल्याची नोंद करायला आधी कर्ज घेतल्याची नोंद हवी.”

“अरे मेल्या, ते फिटलंय!”

“म्हणूनच आधी घ्यावं लागेल. कागदावर. फी दोनदा.”

“त्या फीचं करता तरी काय तुम्ही?”

“नोंदी जपतो,” नियमभाऊ म्हणाले. हातातला गोळा त्यांनी हळूच पाठीमागे लपवला.

ताईने फी भरली. कर्ज घेतल्याची नोंद झाली, शिक्का बसला. फेडल्याच्या नोंदीसाठी नियमभाऊंनी पेन उचलले आणि पाच वाजले. पाचला खिडकी बंद व्हावी, हेही परिपत्रकच. कोणाचे, ते ताईने विचारले नाही.

“उघड ना रे! बेकरी जाईल माझी!”

“उद्या ये, ताई. पहिला नंबर तुझा.” त्यांनी मान हलवून धीर दिला. हाताने मात्र कडी सरकवली.

फेडलेल्या कर्जाची कर्जदार होऊन ताई पायऱ्या उतरली. नियमभाऊंनी तिची कोरी करकरीत फाइल क्रमाने कपाटात लावली. क्रमाने ती नेमकी चौकटीखाली आली. त्यांनी खिशातला रुमाल तिच्यावर पांघरला. मग, भर नको म्हणून उचलला आणि डोळे पुसले.

खिडकीबाहेर फी भरणाऱ्यांची रांग तशीच उभी होती. ‘जाऊ दे, फी भरून मोकळे होऊ,’ असे ताईच्या मागे पुटपुटलात ते तुम्हीच ना? नाही कसे म्हणता? तुमच्या मागे मीच तर उभा होतो. कमान काय सुरेख झालीय, असे तुम्ही म्हणालात, आणि मी मान डोलावली.